तोंडी लावायला इतिहास

...अन् वरून म्हणतेत कसं, 'काळजी करू नका काका, मायनर विषय हाय, तोंडी लावायला समजा!' तोंडी लावायला! तुम्हाला सांगतो, माणसानं तोंडी लावायला लोणचं घ्यावं, ठेचा घ्यावा, फार तर बुक्कीनं कांदा फोडून घ्यावा, पण इतिहास?... इतिहास कुणी तोंडी लावायला घेतंय का हो? आमच्या अण्णारावानं घेतला. म्हणजे घेतला त्यांच्या तनुजानं, पण तोंड भाजलं ते अण्णारावाचं, अन् असं भाजलं की अजून बी कुणी 'वंशावळ' म्हणलं की त्या माणसाचा चहा कपातून बशीत अन् बशीतून धोतरावर येतोय.

तुम्ही म्हणाल, अगोदर अण्णाराव कोण ते तर सांग. सांगतो की! आमचं गाव देगलूरच्या अंगाला, जरा पाय घसरला की माणूस कर्नाटकात पडतंय असं. अण्णारावाच्या अन् माझ्या शेताचा बांध एक, त्याच्यामुळं त्यांच्या घरात शिंक आली तरी आधी मला कळतंय. माणूस सरळ, मिशी तेवढी वाकडी. घरात बायको केवळाबाई, एकुलती एक लेक तनुजा, अन् दावणीला लालकंधारी बैलाची जोडी, त्यातला थोरला पाखऱ्या म्हणजे अण्णारावाचा जीव की प्राण. पोरगी नांदेडला कॉलेजात, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करून राहिली. अण्णारावाचा हिशेब सरळ होता, पोरगी शिकंल, प्रयोगशाळेत लागंल, पांढरा कोट घालंल अन् आपण गावात सांगत फिरू. यात इतिहास कुठं बसतोय? कुठंच न्हाई.

पण आता नवीन धोरण आलंय न्हाई का! पूर्वी कसं, रसायन घेतलं की रसायन. आता एक मेजर, एक मायनर, अन् वरून आणखी दोन-चार नावं, त्यांचा अर्थ अजून मास्तरलाच लागला न्हाई तर आपल्याला काय लागणार. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला बापलेक नांदेडला नेटकॅफेत गेले. उघडून बघतेत तर भौतिकच्या जागा भरल्या, कॉम्प्युटरच्या भरल्या, वनस्पतीच्या बी भरल्या. राहिला कोण? इतिहास. अण्णाराव म्हणले, थांब, जरा इचार करू. कॅफेवाला म्हणला, 'काका, इचार लवकर करा, लाईट जायची वेळ झाली.' झालं! तुम्हाला सांगतो, लाईट जाईल म्हणून त्या पोरीचा इतिहास ठरला. बटन दाबलं अन् खरंच लाईट गेली. मला तर वाटतंय जगाचा इतिहास बी असाच घडला असंल, कुणाला तरी कशाची तरी घाई होती.

अण्णाराव तसेच कॉलेजात गेले तक्रार घेऊन. तिथं मार्गदर्शनाला टेबल टाकून बसलेल्या, इतिहासाच्या शिल्पा मॅडम. गोड बाई, चष्मा, हातात थर्मास. अण्णाराव म्हणले, आमच्या पोरीला मेलेल्या राजाची नावं पाठ करून काय मिळणार? मॅडमनं शांतपणे समजावलं. म्हणल्या, 'काका, रसायन हे तिचं जेवण. इतिहास चार क्रेडिटचा, तोंडी लावायला समजा. तुमच्या घराला त्याचा काही त्रास न्हाई.' ऐकलं का? त्रास न्हाई! मला सांगा, डॉक्टर जवा म्हणतोय 'अजिबात दुखणार न्हाई', तवा काय होतंय?

पहिला महिना काही न्हाई. दुसऱ्या महिन्यापासून पोरगी शनिवारी घरी आली की घरात एकच शब्द, 'पुरावा'. मॅडमनं म्हणे वर्गात सांगितलेलं, कुणी सांगितलं म्हणून खरं मानायचं न्हाई, कशावरून ते विचारायचं. आता हे वर्गात ठीक हाय हो, चुलीपाशी चालतंय का? केवळाबाई म्हणली, आमटीत मीठ टाकलंय. पोरगी म्हणती, कशावरून? अण्णाराव म्हणले, आपली विहीर माझ्या पणज्यानं एका रात्रीत खांदली. पोरगी कंदील घेऊन न्हाई, मोबाईलची बॅटरी घेऊन भर दुपारी विहिरीत उतरली, वर आली अन् म्हणली, 'बाबा, कडेला सिमेंटात साल लिव्हलंय. तुमच्या लग्नाच्या आदल्या वर्षीची हाय ती.' अण्णाराव दोन दिवस विहिरीकडं गेले न्हाईत. पणज्याची विहीर गेली हो हातची! अन् म्हणे तोंडी लावायला...

इथपर्यंत बी ठीक होतं. पण मंग आला प्रकल्प. वीस मार्काचा. 'माझ्या घराण्याचा इतिहास, तोंडी साधनांच्या आधारे.' पोरगी सहज जेवताना बोलून गेली अन् अण्णारावाचा घास हातातच थांबला. डोळे असे चमकले की केवळाबाईला वाटलं ठसका लागला. ठसका न्हाई, त्यांना पोळा दिसला होता.

आता तुम्हाला पोळ्याचं सांगावं लागंल, त्याच्याबिगर पुढचं काही समजणार न्हाई. आमच्याकडं पोळ्याला सगळ्या गावचे बैल नटूनथटून वेशीपाशी येतेत. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण. त्या तोरणाखालून पहिला बैल कुणाचा जायचा, हा मान. तो मान थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाचा. पिढ्यान् पिढ्या अण्णारावाच्या घरात चालत आलेला. बाकी माणसाकडं काही नसलं तरी चालतंय हो, पण त्या एका दिवशी पाखऱ्याचा दोर धरून अण्णाराव वेशीतून निघाले की त्यांची छाती बघावी, शर्टाची बटनं घाबरून राहतेत.

अन् तेच अर्जुनरावाला बघवत न्हाई. अर्जुनराव म्हणजे त्यांच्याच भावकीतले, पलीकडच्या आळीचे. त्यांचं म्हणणं, थोरली पाती आमची, मान आमचा, तुमच्या आज्ज्यानं दांडगाईनं घेतला. माणूस बांधाच्या खटल्यात कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला, बोलायला पक्का. तीन पोरं, तिन्ही धष्टपुष्ट. मागच्या पोळ्याला भर वेशीत, सगळ्या गावासमोर अर्जुनराव बोलले, 'अण्णाराव, यंदा तुम्ही धरा दोर. तुमच्या मागं कोण धरणार? तुम्हाला कुठं पोरगा हाय. आज ना उद्या मान आमच्याच दारात यायचाय.' तुम्हाला सांगतो, अण्णाराव त्या दिवशी पुरणपोळीला शिवले न्हाईत. घरी येऊन पाखऱ्याच्या गळ्यात गळा घालून बसले. माणसाला एकच गोष्ट मिरवायला असावी अन् ती बी आपल्याबरोबर सरणावर जाणार असं कुणी तोंडावर सांगावं, काय वाटत असंल?

म्हणून ते डोळे चमकले. अण्णाराव म्हणले, 'तनुजा, तुझ्या मॅडमला पुरावा पायजे ना? मी असा पुरावा देतो की पुन्हा सात पिढ्या कुणी तोंड उघडणार न्हाई. आपण हेळव्याला बोलावू.'

हेळवी ठाऊक न्हाई तुम्हाला? कर्नाटकाच्या अंगाच्या गावांना ठाऊक हाय. हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ सांभाळणारा माणूस. सुगीनंतर, पाच-दहा वर्षांतून एकदा घंटा वाजवत दारात येतोय, जुनी वही उघडतोय, तुमच्या मूळ पुरुषापासून तुमच्यापर्यंत सगळी नावं सुरात म्हणून दाखवतोय, नवीन जन्मलेल्याचं नाव लिव्हून घेतोय, अन् धान्य-कपडा घेऊन पुढच्या गावाला जातोय. खरं सांगू का, तो येतोय तवा त्याचं कुणी नीट ऐकतंय का? बायका सुपात ज्वारी आणेपर्यंत त्याच्या चार पिढ्या म्हणून झालेल्या असतेत. देवळात पोथी लावल्यावाणी, आपण हात जोडायचे अन् मनात दुसराच इचार. शेकडो वर्षं तो बिचारा खरं सांगून राहिला अन् शेकडो वर्षं आपण 'बरं बरं' म्हणून राहिलो. ऐकायला लावलं कुणी? चार क्रेडिटनं!

आमच्या भावकीचा हेळवी मलप्पा. अण्णारावानं त्याला ऐन श्रावणात फोन लावला. तो म्हणला, मालक, ही काय माझी यायची येळ हाय का, बैल बी गाभण... म्हणजे गाय गाभण हाय, बैल लंगडा हाय. अण्णाराव म्हणले, फटफटीवर ये. आला की हो! फटफटीच्या डिकीत घंटा, पाठीला दप्तर बांधावं तशी लाल फडक्यात बांधलेली वही.

अन् अण्णारावाची तयारी काय विचारता! माणसानं गुपचूप दोघं-तिघं बसून ऐकावं की न्हाई? न्हाई! मारुतीच्या देवळापुढं मांडव. सगळी भावकी. अर्जुनरावाला तर खास घरी जाऊन आवतण, म्हणले, 'या बरं का, पुढच्याच खुर्चीवर बसा.' नांदेडहून शिल्पा मॅडमला गाडी. केवळाबाई म्हणत होती, अहो, आधी एकदा आपण ऐकून तर घ्या त्यात काय लिव्हलंय. अण्णाराव म्हणले, 'ऐकायचं काय त्यात? आपलंच घराणं, आपल्याला ठाऊक न्हाई का?' हे वाक्य, तुम्हाला सांगतो, कुणी बी कधी बी बोलू नये.

तर मांडव भरला. मॅडमनं एक कागद काढला अन् सगळ्यांना समजावून सांगितलं, की तोंडी माहिती वापरायची तर ती ऐकायला हजर असलेल्यांनी शेवटी सह्या करायच्या, आम्ही ऐकलं, आम्हाला मान्य हाय म्हणून. तनुजा वही-पेन घेऊन बसली, मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. मलप्पानं घंटा वाजवली अन् सुरू झाला. मूळ पुरुष खंडोजी. खंडोजीला दोन लेक, थोरला रामजी, धाकटा सटवाजी. सटवाजीची पाती खाली खाली येत येत... अर्जुनराव! अन् थोरल्या रामजीची पाती म्हणजे... मलप्पानं मान वर केली अन् अण्णारावाकडं बघितलं.

अहाहा! काय तो क्षण. थोरली पाती अण्णारावाची! अण्णाराव उठून उभे राहिले, मांडवाला चहूबाजूंनी नमस्कार घातला, मिशीला हात गेला, अर्जुनरावाची मान खाली. इथं, हे बघा, इथं जर मलप्पाला खोकला आला असता, वारं सुटलं असतं, मांडव पडला असता, तरी अण्णारावाचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण मॅडम म्हणल्या, 'पुढं वाचा.' यांना सगळं पुढचं पायजे!

मलप्पानं बोट ठेवून वाचलं, 'रामजीस पोटी पुत्र न्हाई. लेक एक, नागाबाई. तिला घरजावई आणिला, अर्धापूरच्या अंगाचा. आडनाव सासऱ्याचंच चालवावं असं पंचांनी ठरविलं. त्यांचा लेक...' अन् तिथून उतरत उतरत नाव आलं ते अण्णारावाच्या आज्ज्याचं, बापाचं, अन् अण्णारावाचं.

अण्णाराव उभेच. बसायचं विसरले. घरजावई! अहो, ज्या माणसानं आयुष्यभर गावातल्या घरजावयाला 'काय पाहुणं, सासूनं चहा दिला का' म्हणून छळलं, त्याचा खापरपणजाच घरजावई! अण्णाराव मलप्पाला म्हणले, 'पान चुकलं असंल. दुसऱ्याचं असंल.' मलप्पानं कानाला हात लावला, म्हणला, 'इल्ला मालक, खोटं न्हाई. माझ्या आज्ज्याच्या आज्ज्यानं तुमच्याच ओट्यावर बसून लिव्हलंय.' मंग अण्णाराव लेकीकडं वळून हळूच म्हणले, 'मंग मी मूळचा कोण? आधार कार्डाचं काय करायचं?' पोरगी बी पांढरीफटक. रसायन शिकणारी लेक, स्फोट कसा होतो ते तिला ठाऊक होतं, पण तो असा मांडवात होईल असं पुस्तकात कुठं हाय?

अन् तोंडी लावायला म्हणे! अर्ध्या तासात माणसाचं आडनाव खाऊन टाकलं ह्या विषयानं!

आता अर्जुनराव बघा. मघाशी मान खाली घातलेला माणूस, असा उठला जसा पोळ्याचा बैलच. म्हणले, 'वा! ऐकलं का सगळ्यांनी? घरजावयाचं घराणं. अर्धापूरचे, केळीच्या गावचे पाहुणे, अन् मान मिरवतेत आमच्या वेशीत.' पोरांना म्हणले, टाळ्या वाजवा. वाजवल्या की हो त्यांनी! मंग मॅडमकडं गेले, कुठाय तुमचा कागद, आत्ताच्या आत्ता सह्या घ्या. मॅडम म्हणल्या, 'काका, वाचन पूर्ण होऊ द्या, एक पान राहिलंय. सह्या शेवटी.' 'शेवटी कामून? शेवटी ही वही गायब झाली म्हणजे?' माणूस कोर्टात मुरलेला ना, नुसती सही करतोय का, स्वतःच्या हातानं वर लिव्हलं, 'सदर वही शंभर टक्के खरी असून आम्हास व आमच्या वारसांस कायम मान्य आहे.' खाली लांबलचक सही. तिन्ही पोरांच्या सह्या. मंग सगळ्या भावकीला उठवून उठवून सह्या. अण्णाराव नुसते बघत होते. मी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर खांदा गार लागला.

मॅडम परत म्हणल्या, 'पुढं वाचा.'

मलप्पानं थुंकी लावून पान उलटलं. तुम्हाला सांगतो, मी लई कीर्तनं ऐकली, लई भाषणं ऐकली, पण त्या पानासारखं काही ऐकलं न्हाई. 'रामजी वारल्यावर पोळ्याच्या दिशी नागाबाईनं स्वतः दोर धरून पहिला बैल वेशीतून काढला. धाकटा चुलता सटवाजी यानं भर वेशीत, पंचासमोर, दोराला हात लावून कबूल केलं, की मान नागाबाईचा अन् तिच्या पोटच्या लेका-लेकीचा. आमच्या पातीनं यावर कधी बोलू नये.'

आधी कुणाच्या टकुऱ्यात शिरलं न्हाई. मंग हळूहळू एकेकाची मान अर्जुनरावाकडं वळायला लागली. सटवाजी कोण? अर्जुनरावाचाच खापरपणजा! त्यानं कबूल केलेलं. अन् ते खरं हाय म्हणून आत्ताच, शंभर टक्के, वारसांसकट, सही कुणाची? अर्जुनरावाची!

अर्जुनराव म्हणले, ही वही खोटी हाय. मॅडमनं कागद त्यांच्यापुढं धरला. अर्जुनराव म्हणले, मी चष्मा न घालता लिव्हलं. मांडवातली एक म्हातारी म्हणली, आरं, तू चष्मा कधी लावतोस? मंग अर्जुनराव कागदाकडं हात न्यायला लागले तर त्यांच्याच धाकट्या पोरानं हात धरला, म्हणलं, 'दादा, राहू द्या, सगळं मोबाईलमध्ये निघालंय.' अर्जुनराव खुर्चीत बसले. असे बसले की मला त्यांची बी दया आली. आपल्याच पक्क्या भाषेनं माणूस असा अडकावा?

तुम्ही म्हणाल, मंग काय, अण्णाराव जिंकले, गुलाल उधळला असंल. कशाचा गुलाल! हेच तर मी सांगून राहिलो. अण्णाराव खुर्चीवर बसले अन् त्यांना काय कळंना, हसावं का रडावं. मान राहिला, पण कुणाच्या जिवावर? घरजावयाच्या. मानाची वही खरी मानायची तर घरजावई बी खरा. घरजावई खोटा म्हणायचा तर मान बी गेला, अन् अर्जुनरावाची तीन पोरं वेशीत उभीच हायत. लाडू अर्धा खाऊन अर्धा टाकता येतोय हो, वही तशी टाकता येत न्हाई.

तनुजा बापाजवळ येऊन खाली बसली. हळूच बोलली, पण मी जवळ होतो, मला ऐकू आलं. 'बाबा, मी अजून मॅडमला काही दिलेलं न्हाई. तुम्ही म्हणाल तर मी दुसऱ्या विषयावर प्रकल्प करते, रेकॉर्डिंग बी पुसते. मंग मलप्पाच्या वहीबाहेर घरजावयाचं बी कुठं लिव्हलेलं राहणार न्हाई अन् मानाचं बी न्हाई. तुमच्या इभ्रतीपुढं मला वीस मार्क नकोत.'

मॅडम ऐकत होत्या, त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं अन् परत लावलं. गावातले सगळे अण्णारावाच्या तोंडाकडं बघत. अन् तेवढ्यात मलप्पानं, त्याचा काय दोष, त्याची रीतच ती, पेन काढला अन् नेहमीचा सवाल केला, 'मालक, तुमच्या नावाखाली काय लिव्हू? मागच्या दोन्ही खेपेला तुम्ही काही लिव्हू नको म्हणलाव.'

तुम्हाला सांगतो, त्या वेळेला अण्णारावाचं तोंड मी बघितलं. मागच्या दोन्ही खेपेला! म्हणजे पोरगी पाच वर्षांची होती तवा बी, अन् दहावीला होती तवा बी, हेळवी दारात आला, विचारलं, अन् बापानं सांगितलं, काही लिव्हू नको, पोरगा न्हाई. लेक तिथंच, सुपात ज्वारी घेऊन उभी होती. हे सगळं त्या माणसाला आत्ता आठवलं, अन् शरमेनं तो पाणी पाणी झाला. घरजावई निघाल्याची शरम परवडली, ही शरम मोठी होती. डोळे भरून आले हो.

मंग म्हणले, 'लिव्ह. अण्णारावाची लेक तनुजा. अन् नागाबाई लिव्हलीय ना, तेवढ्याच ठळक शाईनं लिव्ह.'

केवळाबाईनं पदर डोळ्याला लावला अन् लगेच काढला, कारण ज्वारी आणायची होती. तनुजा बापाच्या पायापाशी बसून राहिली, अन् पेनाचं टोपण उघडझाप करत होती.

पोळ्याच्या दिवशी सगळ्या पंचक्रोशीला कळलेलं. आदल्या सांजेला खांदेमळणी बापलेकीनं मिळून केली, पाखऱ्याच्या खांद्याला हळद-तूप चोळलं, सकाळी शिंगं रंगवली, झूल घातली. वेशीपाशी तनुजानं दोर धरला. अण्णाराव चार पावलं मागं. पाखऱ्याला काय, वासरू होतं तवापासून तिच्याच हातची पेंड खाल्लेली, गुमान चालला. तोरणापाशी आली अन् पोरगी थांबली. कामून थांबली? पुरावा! वहीत लिव्हलंय ना, धाकट्या पातीनं दोराला हात लावायचा. सगळे अर्जुनरावाकडं बघायला लागले. मला वाटलं आता काठ्या निघतेत. पण अर्जुनराव आले हो पुढं, तोंड कडू करून आले, दोराला बोट लावलं अन् पोरीला म्हणले, 'जा पोरी. लिव्हून दिलंय, आता करता काय.' अन् तोरण तुटलं, वाजंत्री वाजली, बायकांनी कुंकवाच्या पाण्यानं पाखऱ्याचे पाय धुतले. अण्णाराव मागं उभं राहून रडत होते अन् विचारलं की म्हणत होते धुरळा गेला.

मार्क? सतरा मिळाले. तीन कापले. मॅडमनं कारण लिव्हलंय, 'मुलाखत देणाऱ्या वडिलांनी विहिरीबाबत दिशाभूल केली.' विहिरीपायी तीन मार्क गेले हो! अन् म्हणे तोंडी लावायला. अख्ख्या जेवणात रसायनाचं कुणी नाव तरी काढतंय का आता?

पण खरा धक्का पुढंच हाय. तुम्हाला वाटलं इथं मिटलं? अहो, मान तनुजाचा झाला, बरोबर? म्हणजे दर पोळ्याला दोर धरायला तनुजा गावात पायजे, बरोबर? पण पोरीचं उद्या लग्न झालं अन् ती गेली पुण्याला, तर दोर कोण धरणार? हा सवाल गावात सगळ्यात आधी कुणी काढला असंल सांगा. अर्जुनरावानंच! म्हणले, मी सही केली ती गावात राहणाऱ्या लेकीच्या नावानं, वहीत बी नागाबाई गावातच राहिली.

परवा लातूरहून सोयरीक आली. पोरगी म्हणती मला आधी एम.एस्सी. करायचंय, आत्ता लग्नाचं नाव काढू नका, पण मध्यस्थ आला तर त्याला चहा द्यावाच लागतोय. पोरगा चांगला, इंजिनियर, शेती बागायती, फोटो बी बरा. अण्णारावानं फोटो बघितला, खाली ठेवला, अन् विचारलं, पोरगा इथं येऊन राहील का? मध्यस्थाला वाटलं थट्टा करतेत. तो म्हणला, 'काय अण्णाराव, घरजावई व्हायला आजकाल कोण तयार होतंय? चांगल्या घराण्यात कुणी असं करत असतंय का?'

अण्णारावानं मोठा उसासा टाकला, चहा बशीत ओतला अन् म्हणले, 'आमच्या घराण्यात रीतच हाय ती. पुरावा पायजे तर बसा, वही मागवतो.'